सत्तावीस नंबरचा तारा

तो लेख सगळ्यांत आधी लीलाने पाहिला. २०१८च्या ऑगस्टमधला रविवार होता. जेवणं उरकली होती. माझी बायको प्रमोदिनी जेवणाच्याच टेबलावर रजिस्टर उघडून बसली होती आणि मी पेपर वाचत होतो. लीला, आमची मुलगी, मोबाइल बघत बघत आतून आली आणि मध्येच थबकली.

"आई, तुझे तारे छापले," ती म्हणाली. मग तिने स्क्रीन खालपर्यंत सरकवली, पुन्हा वर नेली. "लेकिन तुझं नाव नाही आहे इसमें."

झाशीत वाढलेल्या मुलांचं मराठी असंच असतं. समजतं सगळं, बोलताना निम्मं हिंदीत जातं. प्रमोदिनीने हात पुढे केला, मोबाइल घेतला आणि चष्मा कपाळावर चढवून वाचायला लागली. वाचून झाल्यावर पहिल्यापासून पुन्हा वाचलं. मग मोबाइल पालथा ठेवला आणि ताटं उचलायला लागली.

प्रमोदिनी मुलींच्या एका खाजगी डिग्री कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट आहे. शिक्षण एम.एस्सी., नोकरी असिस्टंटची. मुलींना प्रिझम काढून द्यायचा, रीडिंग तपासायचं, शेवटी कपाटांना कुलपं लावायची. तिचं माहेर खंडेराव गेटजवळचं, पिढ्यान्‌पिढ्या झाशीतलं. आम्ही आठल्ये मात्र रेल्वेमुळे आलेले. माझे वडील भुसावळहून बदलून आले आणि नगरा या वस्तीत राहिले, मीही त्यांच्यामागून रेल्वेच्या सिग्नल खात्यात लागलो. ताऱ्यांतलं मला काही कळत नव्हतं. जे कळलं ते या प्रकरणातच कळलं, आणि इतक्या उशिरा कळलं याची मला लाज वाटते.

आपल्या आकाशगंगेच्या मध्याकडे चांगल्या दुर्बिणीतून पाहिलं तरी फारसं काही दिसत नाही. वाटेत धूळ आहे. डोळ्यांना दिसणारा उजेड त्या धुळीतच संपतो. पण तांबड्याच्या पलीकडचा जो अवरक्त उजेड असतो, डोळ्यांना न दिसणारा पण यंत्राला टिपता येणारा, तो धुळीतून बराचसा पार येतो. चिलीच्या वाळवंटातल्या एका दुर्बिणीने त्या उजेडात तिथले फोटो वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा काढले आणि इंटरनेटवर जगाला खुले करून दिले. ते कुणीही उघडावेत. झाशीच्या लॅब असिस्टंटनेसुद्धा.

प्रमोदिनी त्या फोटोंमध्ये कमी-जास्त उजळणारे तारे शोधत होती. त्यांना रूपविकारी तारे म्हणतात. त्यातले काही म्हातारे, फुगलेले. ते वर्ष-दीड वर्षात एक फेरा घेऊन नेमाने उजळतात आणि मंदावतात. काही अगदी नवे जन्मलेले. त्यांच्यावर भोवतालचा माल अजून कोसळत असतो, जास्त कोसळला की ते भडकतात, आणि त्याला नेम नसतो. दोन्ही धुळीत गुरफटलेले, दोन्ही लालच दिसतात. वेगळे ओळखायचे तर वर्षांमागून वर्षं मोजत राहण्याला पर्याय नाही. शिवाय तिथे ताऱ्यांची इतकी गर्दी, की कॉम्प्युटरचे तयार प्रोग्रॅम पुष्कळदा शेजारच्या दोन ताऱ्यांना एक समजतात. म्हणून ती एकेका फोटोत आजूबाजूच्या न बदलणाऱ्या ताऱ्यांशी ताडून हाताने मोजायची. कॉलेज दोनला सुटायचं. ती पाचपर्यंत लॅबच्या जुन्या कॉम्प्युटरवर बसायची. पाच वर्षं. चारशेवर तारे तपासले, त्यातले त्रेसष्ठ बदलणारे निघाले, आणि त्या त्रेसष्ठांत सात नवे जन्मलेले असावेत अशी तिची खात्री होती. आणखी दोघांपुढे तिने प्रश्नचिन्ह ठेवलं होतं.

हा नाद तिला लावला डॉ. श्रीकृष्ण त्रिवेदींनी. दक्षिणेतल्या एका मोठ्या संशोधन संस्थेत ते प्रोफेसर. २०१२च्या मे महिन्यात त्यांनी कॉलेजच्या शिक्षकांसाठी शिबिर घेतलं होतं. ऐन उन्हाळ्यात जायला एकही लेक्चरर तयार नव्हता, म्हणून कॉलेजने लॅब असिस्टंटला पाठवलं. हे फोटो कसे उघडायचे, कसे मोजायचे, हे त्यांनीच शिकवलं, ते मी नाकारत नाही. पुढे ती अधूनमधून त्यांना पत्र लिहायची आणि त्यांचं एका ओळीचं उत्तर यायचं, 'बहुत अच्छा, लगे रहिए.' ते उत्तर ती मला वाचून दाखवायची. दोन वेळा तर झाशीजवळच्या बरुआसागरचं ताजं आलं पार्सलने पाठवलं होतं तिने त्यांना, त्यांना आल्याचा चहा आवडतो म्हणून.

२०१७च्या फेब्रुवारीत त्यांनी संपूर्ण यादी मागवली. 'देखते हैं, इसका क्या हो सकता है.' कॉलेजच्या नियमाने असिस्टंटला बाहेर पत्रव्यवहार करायचा तर प्राचार्यांमार्फत. म्हणून त्रेसष्ठ तारे, त्यांच्या जागा, पाच वर्षांची मोजमापं, आलेख, सगळं प्राचार्या डॉ. शारदा मिश्रा यांच्या ऑफिसातून गेलं. त्यानंतर उत्तर आलं नाही. प्रमोदिनी म्हणायची, मोठी माणसं, कामात असतील.

आणि आता हा लेख. परदेशातल्या नामांकित विज्ञान पत्रिकेत. त्रिवेदी आणि त्यांचे चार विद्यार्थी. लेखाच्या शेवटी आभार होते, तेही सांगतो. 'प्राथमिक छाननीत विद्यार्थिनींनी केलेल्या मदतीबद्दल झाशीच्या महाविद्यालयाच्या प्राचार्या डॉ. शारदा मिश्रा यांचे आभार.'

विद्यार्थिनींनी! पाच वर्षं जी बाई दुपारचं जेवण डब्यातून कॉम्प्युटरसमोर करत होती, तिचं नाव तर नाहीच, तिच्या जागी कोण, तर ज्यांनी ते फोटो कधी पाहिलेही नाहीत अशा मुली. आणि आभार त्या बाईंचे, ज्यांनी फक्त जावक क्रमांक टाकला.

पण त्या रविवारी मी यातलं काहीच बोललो नाही. मी जे बोललो ते लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो. मी म्हणालो, "असू दे. काम तर जगापुढे गेलं ना. मोठ्या लोकांशी आपण कुठे लागायचं?"

प्रमोदिनी मोरीपाशी पाठमोरी उभी होती. म्हणाली, "मला कज्जा नकोच आहे." तिच्या माहेरी भांडणाला अजून कज्जा म्हणतात. "पण अहो, तुमच्या खात्यात दुसऱ्याने काढलेला फॉल्ट कुणी आपल्या नावावर लिहिला, तर तुम्ही असू दे म्हणाल?"

सिग्नलमधली माझी तीस वर्षं सह्यांवर गेली आहेत. बिघाड कुणी पाहिला, किती वाजता, कुणी दुरुस्त केला, प्रत्येकापुढे सही. दुसऱ्याच्या सहीवर आपलं नाव चढवणाऱ्याला आम्ही चोर म्हणतो, दुसरा शब्द नाही.

सोमवारी ती प्राचार्यांकडे गेली. तोवर लेखातलं आभाराचं पान कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लागलेलं होतं, वर झेंडूची माळ. प्रमोदिनीने सगळं सांगितलं. शारदाजींनी तिला बसायला सांगितलं, चहा मागवला आणि म्हणाल्या, "कॉलेज का नाम हुआ है, प्रमोदिनीजी. इसमें मेरा-तेरा क्या करना?"

"मॅडम, नाम आपका हुआ है," प्रमोदिनी म्हणाली. "काम मैंने किया है. आप एक चिट्ठी लिख दीजिए कि यह सूची मेरी है. आपके ही ऑफिस से गई है."

"देखेंगे," शारदाजी म्हणाल्या. ती चिठ्ठी त्यांनी कधीच लिहिली नाही.

त्या संध्याकाळी मी स्वतःहून तिची रजिस्टरं मागितली. सहा होती. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि मी ती पहिल्यांदा उघडत होतो. प्रत्येक पानावर फोटोची तारीख, मोजल्याची तारीख, ताडून पाहिलेल्या ताऱ्यांचे नंबर, तीनदा घेतलेलं माप, आणि खाली तिची छोटीशी सही. खोडाखोड कुठे नाही. चुकलं तर एक आडवी रेघ आणि शेजारी नवा आकडा. आमच्या सिग्नलच्या रिले रूममधली रजिस्टरंही इतकी नीट नसतात. मी पानं उलटत गेलो आणि माझा संताप वाढत गेला. त्रिवेदींवर तर होताच, स्वतःवरही होता. घरातली बाई एवढं काम करत होती आणि मी पाच वर्षं तिला 'झाले का तुझे तारे' म्हणून हसत आलो होतो.

लीलाने लेखातली यादी छापून आणली. ती एकेक आकडा वाचायची, मी रजिस्टरमधून ताडायचो. पहिला तारा, दुसरा, तिसरा... क्रमसुद्धा तोच होता. सव्वीसपर्यंत सगळं जुळलं. सत्तावीसला मी अडलो.

"पुन्हा वाच."

"उनतीस अंश, तैंतालीस कला," लीला म्हणाली. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग.

"इथे चौतीस आहे."

प्रमोदिनी भाजी चिरत होती. ती उठून आली आणि रजिस्टरवर वाकली. त्या पानावर लाल शाईत एक नोंद होती: 'पाठवलेल्या यादीत ३४ऐवजी ४३ पडले. माझी चूक. दुरुस्ती पुढच्या पत्रात कळवणे.' खाली सही, ९ मार्च २०१७. यादी गेल्यावर तीन आठवड्यांनी तिच्या ते लक्षात आलं होतं. उत्तर येईल तेव्हा कळवू म्हणून राहिलं, आणि उत्तर आलंच नाही.

"म्हणजे त्यांनी तुझी चूकही छापली?" मी विचारलं.

ती खुर्चीवर बसली. तोंडावर हात ठेवला. मला वाटलं रडते आहे. हात काढला तेव्हा तिचा चेहरा लालबुंद होता. असा तो मी कधी पाहिला नव्हता.

"तपासलंसुद्धा नाही त्यांनी," ती म्हणाली. "मला वाटत होतं, निदान एकदा स्वतः मोजून तरी पाहिलं असेल. त्यांनी फोटो उघडलाच नाही, अहो. सत्तावीसचा आलेख छापलाय, पाच वर्षांचा. ज्या जागेचा म्हणून छापलाय, तिथे दाट धुळीचा ढग आहे. त्यातून अवरक्तसुद्धा येत नाही. तिथे काही दिसतच नाही."

तिला चोरीपेक्षा याचाच जास्त राग आला होता. आणि तो राग मग उतरला नाही.

तिने त्रिवेदींना पत्र लिहिलं. साधं, चार ओळींचं. सत्तावीसचा उल्लेख मुद्दाम केला नाही. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: 'हे तारे आमच्या संगणक प्रणालीने स्वतंत्रपणे शोधले आहेत. आपली यादी आम्हाला उत्साहवर्धक वाटली होती. आपण काम चालू ठेवावे.' मग तिने संस्थेला लिहिलं, सोबत रजिस्टरांच्या पानांचे फोटो जोडले. दोन महिन्यांनी तिथल्या एका अधिकाऱ्याचं पत्र आलं, की आपण कोणत्याही मान्यताप्राप्त संशोधन केंद्रात संशोधक म्हणून नोंदलेल्या नसल्याने आपली तक्रार विचारात घेता येत नाही.

मी ते पत्र तीनदा वाचलं. म्हणजे नोंदलेला माणूस मोजतो ते मोजमाप, आणि न नोंदलेल्या बाईने मोजलं की ती रस्त्यावर पडलेली वस्तू, ज्याने उचलली त्याची!

मग २०१९चा फेब्रुवारी आला. शारदाजींनी विज्ञान दिनाला पाहुणे म्हणून कुणाला बोलवावं? डॉ. त्रिवेदींना. फाटकावर त्यांच्या फोटोचा फलक लागला. खुर्च्या मांडायला, प्रोजेक्टर जोडायला लॅब स्टाफला सकाळी सातला बोलावलं, आणि त्यात प्रमोदिनीही होती. ज्या माणसाने तिचं काम उचललं, त्याच्या भाषणासाठी तिनेच तारा जोडल्या. मी त्या दिवशी रजा घेतली आणि मागच्या रांगेत जाऊन बसलो. ती काय करणार आहे हे मला माहीत नव्हतं. तिच्या हातात पाचवं रजिस्टर होतं, एवढंच दिसलं.

त्रिवेदी बोलायला चांगले. मुलींना हसवलं, धुळीची गोष्ट रंगवून सांगितली. मग म्हणाले, "हमने तिरसठ तारे खोजे, और मुझे खुशी है कि इसमें आपके कॉलेज की बच्चियों का भी छोटा-सा हाथ है." टाळ्या पडल्या. शारदाजींनी व्यासपीठावरून हात जोडले. पडद्यावर प्रमोदिनीने काढलेला आलेख होता. तिने काळे ठिपके दिले होते, त्यांनी निळे केले होते.

प्रश्नांची वेळ आली. दोन मुलींनी विचारलं. मग भिंतीपाशी उभी असलेली प्रमोदिनी पुढे आली.

"सर, मी प्रमोदिनी आठल्ये," ती हिंदीतच बोलली, पण मी इथे मराठीत देतो. "तुमच्या यादीतला सत्तावीस नंबरचा तारा पडद्यावर दाखवता का? जागा तुमच्या लेखात छापली आहे तीच. फोटो खुले आहेत, दोन मिनिटांत उघडतील."

त्रिवेदींनी तिला ओळखलं. ते हसले. "प्रमोदिनीजी! तुम्ही तर आमच्या जुन्या साथीदार. वेळ थोडा आहे, नंतर चहाला बोलू."

"चहाला नको, सर. इथेच."

"सर, दो मिनट का ही काम है," दुसऱ्या रांगेतून लीला उभी राहिली; तीही त्याच कॉलेजात शिकत होती. तिच्या मागोमाग पाच-सहा मुली ओरडल्या, "दिखाइए ना, सर." त्यांना कशाचा पत्ता नव्हता, त्यांना खरंच तारा बघायचा होता.

नाही म्हणणं अवघड झालं. कॉम्प्युटरवर प्रमोदिनीच बसली. तिने त्यांच्या लेखाचं पान उघडून आकडे सगळ्यांना दिसतील असे ठेवले आणि तेच आकडे एकेक करून टाकले. इंटरनेट हळू होतं; फोटो वरून खाली सावकाश उतरत गेला. कडेने तारेच तारे, मूठभर तांदूळ सांडावेत तसे, आणि मधोमध काळाकुट्ट डाग. जिथे खूण होती तिथे काही म्हणजे काही नव्हतं.

"हा धुळीचा ढग आहे," प्रमोदिनी म्हणाली. "इथे तारा दिसत नाही. कधीच दिसला नाही. तारा इथून नऊ कला वर आहे." तिने आकडा बदलला. नव्या फोटोत खुणेवर एक तारा लखलखत होता. "मी यादी पाठवताना चौतीसच्या जागी त्रेचाळीस लिहिलं. ती माझी चूक, हे माझं रजिस्टर, ही तारीख आणि ही सही. सर, तुमच्या प्रणालीने हे तारे स्वतंत्रपणे शोधले असं तुम्ही मला लिहिलंत. मग माझी चूक तिने कशी काय केली? आणि ज्या जागी काही दिसतच नाही, तिथली पाच वर्षांची मापं तुम्ही कुठून आणलीत?"

त्रिवेदींनी माइक जवळ घेतला. "छपाईची चूक आहे. अशा चुका होतात. मोठ्या कामात शेकडो हात लागतात..."

"शेकडो हात कुठले?" तिचा आवाज आता चढला होता. बावीस वर्षांत मी तिला माणसांसमोर मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं. "दोनच हात होते, सर. हे बघा. या कॉलेजातली एकही मुलगी यात नव्हती. तुम्ही एका बाईचं नाव पुसलंत ते पुसलंत, वर या मुलींच्या तोंडावर खोटं बोललात. मला आणखी एक सांगा. तुम्ही त्रेसष्ठांतला एक तरी तारा स्वतः मोजलात का?"

त्रिवेदींनी शारदाजींकडे पाहिलं. उत्तर दिलं शारदाजींनी. त्या घाईघाईने उठल्या आणि सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीच्या कानात काहीतरी म्हणाल्या. मुलीने गडबडून जाहीर केलं, "अब कार्यक्रम के समापन पर राष्ट्रगान." सगळे उभे राहिले. प्रमोदिनीही रजिस्टर छातीशी धरून ताठ उभी राहिली. ते संपेपर्यंत पाहुणे बाजूच्या दाराशी पोचले होते.

चार दिवसांनी तिला नोटीस आली. 'मान्यवर पाहुण्यांचा सार्वजनिक अवमान केल्याबद्दल कारणे दाखवा.' सोबत तोंडी हुकूम, की लॅबची किल्ली दोन वाजता ऑफिसात जमा करायची आणि कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. मी दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेलो. प्रमोदिनीने नको म्हटलं होतं, तरी गेलो.

"मॅडम," मी म्हणालो, "खोटं पाहुणे बोलले आणि नोटीस माझ्या बायकोला?"

"आठल्येजी, हर बात कहने का एक तरीका होता है."

"तरीका तिने सहा महिने पाळला. पत्र लिहिलं, अर्ज केला, तुमच्यासमोर हात जोडून बसली. त्या तरीक्याचं काय झालं? तुमचं नाव छापून आलं, ते तुम्ही माळ घालून भिंतीवर लावलंत. मॅडम, रोज सकाळी त्या भिंतीवरून जाताना तुम्हाला काही वाटत नाही?"

शारदाजी गोऱ्यामोऱ्या झाल्या. पण नोटीस मागे घेतली नाही. प्रमोदिनीने उत्तरात एकच वाक्य लिहिलं: 'मी प्रश्न विचारला, तो अजून अनुत्तरित आहे.'

पत्रिकेच्या संपादकांना मात्र तिने सगळं पाठवलं, या वेळी सत्तावीसच्या दोन्ही फोटोंसह. लीलाने इंग्रजी तपासलं, मी रजिस्टरांची पानं क्रमाने लावली. आठ महिने गेले. २०१९च्या दिवाळीनंतर पत्रिकेत तीन ओळींची दुरुस्ती आली. सत्तावीसची जागा सुधारली होती, आणि पुढे लिहिलं होतं, 'या त्रेसष्ठ ताऱ्यांचा मूळ शोध व मोजमापे पी. आठल्ये, झाशी, यांची आहेत.' लेखावरची नावं होती तीच राहिली. त्रिवेदी आहेत त्या जागेवर आहेत. नंतर त्यांची कुठल्याशा समितीवर नेमणूक झाल्याचं वाचलं. माफी कुणी मागितली नाही. तीन ओळी! पाच वर्षांना तीन ओळी, त्याही लेखाच्या मागच्या दाराने. मी ती पत्रिका भिरकावणार होतो. लीलाने माझ्या हातातून काढून घेतली.

प्रमोदिनीने त्या ओळी वाचल्या, मान हलवली आणि म्हणाली, "आता माझं मी लिहिते."

लीलाचा लॅपटॉप तिने घेतला होता. चिलीहून नवे फोटो आले होते, तेही मोजून झाले होते. तिने प्रश्नचिन्ह लावलेले ते दोन तारे त्रिवेदींनी खुशाल नव्या ताऱ्यांत ढकलले होते. नवे फोटो जोडल्यावर दोन्ही आपला जुना फेरा पुन्हा घेताना दिसले, अगदी नेमाने. दोन्ही म्हातारे. यावर तिने दोन पानांचं टिपण लिहिलं. लेखकाच्या नावाखाली संस्थेचं नाव लागतं. कॉलेजने लेखी कळवलं, की अशैक्षणिक कर्मचाऱ्याला कॉलेजचं नाव वापरता येणार नाही. ते पत्र तिने शांतपणे फाइलला लावलं आणि नावाखाली आमच्या घराचा पत्ता लिहिला. घर क्रमांकासकट, नगरा, झाशी.

ते टिपण तसंच छापून आलं. महिनाभरात चिलीतल्या एका बाईंचं पत्र आलं. त्याही तेच तारे बघत होत्या. त्यांना एकेचाळीस नंबरबद्दल विचारायचं होतं: तो गेल्या वर्षी भडकला होता का, आणि डॉक्टर आठल्ये तो कधीपासून मोजत आहेत? प्रमोदिनीने उत्तरात पहिल्याच ओळीत लिहिलं, की मी डॉक्टर नाही, लॅब असिस्टंट आहे. त्याखाली सहा वर्षांची मापं दिली. दोन दिवसांत त्यांचं उत्तर आलं. डॉक्टर असण्या-नसण्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. त्या ताऱ्यासाठी त्या तिथल्या दुर्बिणीवर वेळ मागणार होत्या, आणि अर्जावर दुसरं नाव प्रमोदिनीचं घालण्याची परवानगी मागितली होती.

परवानगी मागितली होती. मी ते वाक्य लीलाकडून पुन्हा वाचून घेतलं. एवढं साधं असतं हे. विचारायचं असतं.

माझा राग गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही. ती नोटीस अजून तिच्या सर्व्हिस बुकात आहे. प्रमोदिनीला त्याबद्दल विचारलं तर ती म्हणते, निवृत्तीच्या आधी काढायला लावीन. सध्या तिला सवड नाही. एकेचाळीस नंबरचा तारा या उन्हाळ्यात पुन्हा उजळतो आहे, आणि दुपारी टेबलावर तिची रजिस्टरं पसरलेली असतात म्हणून आम्ही दोघं, मी आणि लीला, स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवतो.